जोडपं समोर बसतं तेव्हा समुपदेशक कुणाच्या बाजूला?

सुरंगी:

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की समुपदेशक म्हणजे फी घेऊन बायकोची बाजू घेणारी बाई. त्याच्या खाली लगेच एकीने लिहिलं, छे, त्या तर बायकोलाच जुळवून घ्यायला सांगतात. वाचून वाईट वाटलं, कारण दोघांचेही अनुभव खरेच असणार. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

मी उत्तर रत्नागिरीत एका तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. एकेकट्या माणसांबरोबरही आणि जोडप्यांबरोबरही. खाली जे प्रसंग येतील ते कुणा एका घरातले नाहीत. तपशील बदलून, चार घरांचं एकत्र करून लिहिते आहे.

एकटं माणूस येतं तेव्हा सुरुवातीला मी ऐकण्याशिवाय फारसं काही करत नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात हे नीट मांडलं होतं: आपल्याला इथे कुणी जोखत नाहीये याची खात्री पटल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. हे मला रोज दिसतं. पहिल्या दिवशी 'झोप लागत नाही' एवढंच सांगणारी बाई तिसऱ्या वेळी झोप का लागत नाही ते सांगते. त्यानंतर माझं काम बहुतेक वेळा विवेकनिष्ठ पद्धतीने चालतं. ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास सुरू केली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. घटना एक, त्या घटनेबद्दल मनात धरलेला समज दुसरा, आणि त्यातून होणारा त्रास तिसरा. नवरा मुंबईत, रात्री दहाला फोन उचलला नाही ही घटना. 'तो मला टाळतोय, आणि टाळत असेल तर माझ्या जगण्याला अर्थ नाही' हा समज. पहाटे चारपर्यंत टक्क जागं राहणं हा त्रास. फोन न उचलणं माझ्या हातात नाही, तिच्याही नाही. पण त्या समजाला आम्ही दोघी मिळून प्रश्न विचारू शकतो. तो खरंच टाळत असला तरी, तिचं जगणं त्याच्या फोनवरच अवलंबून आहे का, हाही प्रश्न विचारतो.

जोडपं येतं तेव्हा सगळंच बदलतं. तिथे माझ्यासमोर नवरा हा अशील नसतो आणि बायकोही नसते. त्या दोघांमध्ये जे सतत घडतं, तेच माझ्यासमोर आलेलं असतं. मी न्यायाधीश नाही, हे मी पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट सांगते. कारण बहुतेक जण निवाडा मागायलाच आलेले असतात. 'मॅडम, तुम्हीच सांगा आता, चूक कोणाची?'

माझी रीत साधारण अशी. पहिलं सेशन दोघांचं एकत्र. मग प्रत्येकाचं एकेक वेगळं. मग पुन्हा एकत्र, आणि तिथे मला काय दिसलं ते मी दोघांसमोर मांडते. पुढे काय करायचं ते तिघांनी ठरवायचं. वेगळ्या सेशनमध्ये मी एक प्रश्न प्रत्येकाला न चुकता विचारते: घरात हात उगारला जातो का, धमक्या दिल्या जातात का, तुम्हाला यांची भीती वाटते का? उत्तर हो असेल तर मी जोडप्याचं काम करत नाही. लोकांना हे चमत्कारिक वाटतं, पण कारण सरळ आहे. तिने माझ्यासमोर मोकळेपणाने जे बोललं, त्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकता केला जातो. तिथे तिची सुरक्षितता आधी. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. ही माहिती मी तिला एकटीला देते, कागदावर नाही, तोंडी. कागद घरी कुणाच्याही हाती लागतो.

आता प्रत्यक्ष सेशनमधलं थोडंसं. एक जण बोलतो, दुसरा ऐकतो. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. बोलणारा 'हां, हेच' म्हणेपर्यंत गाडी पुढे सरकत नाही. एका जोडप्यात ती म्हणाली, "तुम्ही गावी आलात की आधी आईंच्या खोलीत जाता, मग पडवीत बसता, मग कलमांच्या बागेत फेरी मारता. माझ्याकडे यायला रात्रीचे दहा वाजतात."

तो म्हणाला, "मी घरात मदत करत नाही असं तिचं म्हणणं."

"नाही."

"मी आईचं जास्त ऐकतो असं."

"नाही हो."

तो बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मग म्हणाला, "तिला वाटतं, मी तिच्यासाठी आलेलोच नसतो."

ती 'हां' म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. यात मी एक शब्दही सुचवला नव्हता. आठ वर्षांत हेच वाक्य त्यांच्या घरात तीसेक वेगवेगळ्या भांडणांच्या रूपाने बोललं गेलं होतं: चहा गार, पैसे कमी, तुमची बहीण, माझी बहीण.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर: मी दोघांच्या बाजूला असते, आणि दोघांपैकी एकाला जरी 'ही त्याची आहे' किंवा 'ही तिची आहे' असं वाटलं तर ते मला तोंडावर सांगायचं, असा नियमच असतो. विचारा, काय विचारायचं ते.

रातांबा:

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी कल्याणला, बायको-मुलगा गुहागर तालुक्यात आईवडिलांपाशी. तुम्ही वर लिहिलेला 'पडवीत बसणारा' मीच आहे की काय असं वाटलं. एक विचारतो. आम्ही गणपतीत सात दिवस, शिमग्याला चार आणि मे महिन्यात जमेल तसं एकत्र असतो. अशा माणसांनी समुपदेशनाला जायचं कधी?

सुरंगी:

रातांबा, तुमच्यासारखी जोडपी माझ्याकडे सगळ्यात जास्त. आपल्याकडे चाकरमान्यांचा संसार पिढ्यान् पिढ्या असाच चालला आहे, पण त्याबद्दल नवरा-बायको म्हणून कुणी बोलतच नाही. सगळी चर्चा मनीऑर्डरची, आता जीपेची.

एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. भांडण सहसा आल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतं. ती वर्षभर घर, मूल, सासूसासऱ्यांची औषधं, वीजबिल, गडी हे सगळं एकटीने रेटत असते. तिची एक घडी बसलेली असते. तो येतो आणि आल्या आल्या 'हे इथे का ठेवलंय, ह्याला सायकल कशाला घेतलीस' सुरू होतं. त्याला वाटतं, मी घराचा कर्ता, विचारायला नको? तिला वाटतं, हा पाहुणा येऊन मला कामाला लावतोय. दोघंही आपापल्या जागी दुखावलेले. तेव्हा मी सांगते, पहिले दोन दिवस घरातला एकही निर्णय बदलायचा नाही. फक्त विचारायचं, 'हे कसं चालतं सध्या?'

गणपतीच्या सात दिवसांत काम उरकायचा प्रयत्न मात्र करू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि जे उघडलं ते मिटवायला वेळ मिळत नाही. व्हिडिओवर सेशन होऊ शकतात. दोघांनी आपापल्या फोनवरून, आपापल्या जागी एकटं बसायचं. आतल्या खोलीत सासूबाई नाहीत आणि तिकडे रूमवर मित्र नाहीत, एवढं आधी बघायचं. रेंज जाते, हो. एक बाई घरामागच्या सड्यावर जाऊन बसायच्या, तिथे टॉवर मिळायचा.

खाडीपलीकडे:

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. कुणाला दुखवायचा हेतू नाही, पण मनात आहे ते लिहितो. आमच्या वेळी नवरा-बायकोचं बिनसलं तर भावकीतले जाणते बसत. गावकर असत. देवळात गाऱ्हाणं घातलं जाई. दोन्ही घरची माणसं असत, त्यामुळे कुणी वाहवत जात नसे. आज अनोळखी बाईसमोर घरातलं सगळं सांगायचं, हे मला पटत नाही. संसार चार माणसांच्या आधाराने टिकतो, एका खोलीत बसून टिकत नाही.

हर्णैची लेक:

काका, तुमचा मान राखून लिहिते. माझ्या वेळी भावकी बसली होती. माझे सासरे, दोन चुलत दीर, गावातले आणखी तिघे, आणि माझ्या माहेरून माझे बाबा आणि मामा. मी एकटी बाई. मला जे सांगायचं होतं ते नवऱ्याच्या आणि माझ्यामधलं होतं. बिछान्याच्या बाजूचं होतं. ते मी कुणासमोर बोलणार होते? मी म्हटलं, 'काही नाही, मीच जरा चिडते.' बैठक उठली, सगळे म्हणाले मिटलं. काहीच मिटलं नव्हतं. पुढे दोन वर्षांनी समुपदेशनाला गेलो तेव्हा ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं.

आमचं घर मच्छीमाराचं. बोट चालू असली की नवरा आठ-आठ दिवस समुद्रात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा दोन महिने घरी. बाहेरच्यांना वाटतं, किती छान, नवरा घरी. आमच्या वाडीत बायकांना विचारा. पैसा आत येत नाही, कर्ज डोक्यावर, बाहेर धोधो पाऊस, आणि दोन माणसं ज्यांना दिवसभर एकत्र राहायची सवयच नाही. आमची सगळी मोठी भांडणं जुलैतली.

सुरंगी:

खाडीपलीकडे काका, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. चार माणसांचा आधार लागतो हे मला शंभर टक्के मान्य आहे. पैशाचा प्रश्न असेल, जमिनीचा असेल, आईवडिलांना कोणी बघायचं हा असेल, तर जाणत्यांनी बसून जे ठरतं ते मला ठरवता येणार नाही. आणि गाऱ्हाणं घालून कुणाचं मन हलकं होत असेल तर त्याला मी कधीच आडकाठी करत नाही. माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं कौल लावून येतात आणि तसं सांगतातही. पण बैठकीत जो बसतो तो कुणाचा तरी काका असतो, कुणाचा तरी मेहुणा असतो, उद्या त्याला त्याच घरात जेवायचं असतं. हर्णैच्या ताईंनी लिहिलंय ते त्या माणसांच्या चांगुलपणाबद्दल नाही. ते जागेबद्दल आहे. काही गोष्टींना नातं नसलेला माणूस लागतो.

ताई, जुलैचं तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. बंदीच्या काळात मी मच्छीमार जोडप्यांना पहिल्यांदा पैशाचा कागद मांडायला सांगते. किती येणं, किती देणं, दोघांच्या डोळ्यांसमोर. बरेचदा बायकोला कर्जाचा आकडाच माहीत नसतो, आणि नवरा तो आकडा एकट्याने उराशी धरून चिडचिडत असतो.

मिरग:

ताई, माका एक सांगा. माझ्या घरात घोव चांगलो आसा, सासूय वायट नाय. पण आमचा दोघांचा काय बी झाला की तो आपल्या आयेक जावन सांगता, आणि आयेन माका बोलल्यान की मी तेका बोलतंय. तिघांचाच भांडान चालू आसता. हेच्यात दोघांनी येवन काय होतला? सासूक पण हाडूक व्हयी?

सुरंगी:

मिरग, तुम्ही जे वर्णन केलंत ते मरे बोवेन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी फार पूर्वी मांडलं होतं. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढून घेतलं जातं, आणि तात्पुरतं बरं वाटतं. त्यात कुणी वाईट असावं लागत नाही. सासूला आणायची बहुतेक वेळा गरज पडत नाही. कारण सासू सुनेवर बोलते आहे हा प्रश्न नसतो, नवरा तुमच्याशी बोलायचं ते आईशी का बोलतो हा असतो. तुमच्या समोर बोलायला त्याला कशाची भीती वाटते? चिडाल याची? रडाल याची? तिथून सुरुवात होते. आणि तुम्हालाही एक काम: सासूचं गाऱ्हाणं नवऱ्याकडे नेण्याआधी एकदा थेट सासूशी बोलून बघायचं. भांडायला नको, जेवणं झाल्यावर, दोघीच असताना.

पुळण:

मी स्वतः समुपदेशक आहे, सिंधुदुर्गात. लेख आवडला. एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. वेगळ्या सेशनमध्ये एकाने सांगितलं की बाहेर संबंध आहेत, आणि 'तिला सांगू नका', तर तुम्ही काय करता? मी ते माझ्यापाशी ठेवते आणि त्या व्यक्तीला योग्य वेळी स्वतः सांगायला तयार करते.

सुरंगी:

पुळण, आपल्या क्षेत्रात यावर दोन्ही मतं आहेत आणि तुमची बाजू मला समजते. मी तसं करत नाही. मी आधीच, पहिल्या एकत्र सेशनमध्ये दोघांसमोर सांगते: वेगळं बोलताना जे बोलाल त्यातलं या नात्यावर थेट परिणाम करणारं काही असेल तर ते मी कायमचं लपवून काम करू शकणार नाही. मी स्वतः जाऊन सांगणार नाही, पण तुम्ही सांगितलं नाहीत तर मला काम थांबवावं लागेल. हिंसा आणि भीती यांना हा नियम लागू नाही, ते मी कधीच दुसऱ्यापर्यंत पोचू देत नाही, हेही तेव्हाच सांगते. एका बाजूचं गुपित खिशात ठेवून मी समोर बसले तर दुसरा माणूस एका अशा खोलीत बोलत असतो जिथे त्याला सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत आहे. ते मला सहन होत नाही. म्हणून नियम आधी, गुपित नंतर.

पुळण:

आधी सांगत असाल तर माझी हरकत बरीच कमी झाली. फक्त अनुभव असा की ते ऐकून काही जण मग सांगतच नाहीत.

सुरंगी:

हो, तसं होतं. ती किंमत मी मोजते.

अबोली_८९:

खूप माहितीपूर्ण धागा. दोन प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यात फरक काय? आणि आमच्याकडे अजून 'याला रत्नागिरीला न्यायला हवा' हे वाक्य शिवी म्हणून वापरतात. अशा ठिकाणी माणूस जाणार कसा? सगळ्या गावाला कळतं.

सुरंगी:

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक अशी पाटी मात्र पुष्कळ जण लावतात, तेव्हा शिक्षण काय, कुठे झालं, जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण आहे का, हे बिनदिक्कत विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. 'दोनच सेशनमध्ये संसार जोडून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

रत्नागिरीच्या त्या वाक्याने माझंही मन दुखतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, माणसं औषध घेऊन संध्याकाळी घरी जातात, कामाला लागतात. आपल्याच जिल्ह्यात एवढी सोय आहे आणि आपण तिचं नाव शिवीसारखं वापरतो. ज्यांना कुठेच जायचं धाडस होत नाही त्यांच्यासाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर हा धागा वाचत बसू नका, आत्ता तो नंबर लावा.

गावाला कळण्याबद्दल. छोट्या गावात गुप्तता ही नुसती तोंडाने सांगायची गोष्ट नाही, तिची व्यवस्था करावी लागते. मी दोन सेशनच्या मध्ये अर्धा तास सोडते, म्हणजे जाणारा आणि येणारा जिन्यात भेटत नाहीत. पाटीवर फक्त माझं नाव आहे. बाजारात कुणी दिसलं तर मी आधी ओळख दाखवत नाही. त्यांनी हसून बघितलं तरच मी हसते. हे पहिल्याच दिवशी सांगते, नाहीतर मासळी बाजारात 'मॅडमनी बघून न बघितल्यासारखं केलं' असं वाटायचं.

खाडीपलीकडे:

हे अर्ध्या तासाचं वाचून बरं वाटलं. एक विचारू? माझा मुलगा आणि सून गेले वर्षभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. ओरडाआरडा नाही, काही नाही. जेवायला वाढते, तो जेवतो, उठतो. भांडण नाही म्हणजे ठीक आहे असं समजायचं का?

सुरंगी:

काका, नाही. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांचं बोलणं वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत टिपून ठेवलं. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या: माणसाच्या स्वभावावरच टीका, तुच्छतेने बोलणं, सतत स्वतःचा बचाव, आणि चौथी, मौनाची भिंत. तुम्ही सांगताय ती चौथी. बाहेरून शांत दिसणारा माणूस आतून शांत असतोच असं नाही. पुष्कळदा छाती धडधडत असते, म्हणूनच तो गप्प होतो. अशा वेळी 'बोल, बोल' म्हणून मागे लागलं तर भिंत आणखी जाड होते. मी वीस मिनिटं थांबायला सांगते, दोघांनी वेगवेगळं, पण कितीला परत बोलायला बसायचं ते आधी ठरवून. वेळ न ठरवता उठून जाणं म्हणजे पुन्हा तीच भिंत.

त्याच गॉटमनांचं आणखी एक निरीक्षण मी जोडप्यांना आवर्जून सांगते: जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत. एकाला मुंबई हवी, एकाला गाव हवं. हे सुटणार नाही. पण त्याबद्दल एकमेकांशी माणसासारखं बोलता येतं, आणि तेवढ्यावर चांगले संसार होतात. खूप जणांचा जीव हे ऐकूनच भांड्यात पडतो, कारण त्यांना वाटत असतं की भांडण सुटत नाही म्हणजे लग्नच चुकलं.

तुम्ही मध्ये पडू नका, काका. पण दोघांना वेगवेगळं एकदा म्हणा, 'तुम्ही कुणाकडे जायचं ठरवलंत तर नातवाला मी सांभाळीन, कुठे गेलात ते विचारणार नाही.' सासऱ्याच्या तोंडून एवढं आलं की सुनेचं अर्धं ओझं उतरतं.

अबोली_८९:

आणि नवरा यायलाच तयार नसेल तर? माझ्या मैत्रिणीसाठी विचारते आहे.

सुरंगी:

तर तिने एकटीने यावं. वाट बघत वर्षं जातात. एक माणूस बदललं की दोघांमधली चाल आपोआप बदलते, कारण नेहमीचं उत्तर येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. मी तिच्याबरोबर बरेच दिवस एकटीचं काम केलं आणि मग नवरा तयार झाला, तर जोडप्याच्या कामासाठी मी त्यांना दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवते. त्याने आत पाऊल टाकताना त्याला वाटता कामा नये की ही तिच्याच बाजूची आहे.

रातांबा:

काल रात्री हा सगळा धागा बायकोला पाठवला. तिने वाचला, आणि अर्ध्या तासाने फक्त 'पडवी' एवढं लिहून पाठवलं. मग आम्ही बरंच बोललो. रविवारी सकाळी व्हिडिओवर जमेल म्हणते. मुलाला त्या वेळी आजीकडे ठेवलं तर आजी विचारणार, कशासाठी. काय सांगायचं?

सुरंगी:

खरं तेवढंच सांगा: 'आम्हा दोघांना तासभर बोलायचंय.' कुणाशी, ते सांगायची गरज नाही. आणि रविवारी सकाळी मुलगा क्रिकेटला जात असेल तर वेळ तीच ठेवा. फोन चार्ज करून ठेवा, कोकणात रविवारी वीज जातेच. पहिल्या सेशनला येताना दोघांनी एकेक गोष्ट लिहून आणा, आपल्याला समोरच्याकडून काय हवंय ती. काय नको आहे ती नाही. एकमेकांना दाखवू नका.